माणसामुळे नेमकं काय बदललं? नववीच्या पर्यावरण प्रकल्पाच्या नोंदी

२ सप्टेंबर

'मानवी कृती आणि पर्यावरणातील बदल' हा घटक यंदा प्रकल्प म्हणून घ्यायचा ठरवलं आहे. आज पाठ्यपुस्तक उघडायच्या आधी मुलांना कोरा कागद दिला. माणसाच्या कुठल्याही एका कृतीमुळे निसर्गात झालेला एक बदल लिहा आणि तो कसा झाला ते चित्र काढून दाखवा, एवढंच सांगितलं. नाव लिहायचं नाही, गुणही नाहीत.

कागद घरी आणून शांतपणे वाचले. काय बिघडलं आहे, हे मुलांना पाठ आहे. जंगलतोड, प्लॅस्टिक, धूर, तापमानवाढ, सगळं आलं आहे. तो बदल कसा झाला, इथे मात्र गाडी अडते. बऱ्याच चित्रांत डावीकडे कारखाना, उजवीकडे मेलेले मासे आणि मध्ये एक लांबलचक बाण आहे. बाणावर काहीच लिहिलेलं नाही. काहींनी त्यावर 'प्रदूषण' लिहून टाकलं आहे, पण त्याने काही उलगडत नाही.

काही समजुती इतक्या कागदांवर आल्या आहेत की त्यांच्यासाठी वेगळे तास ठेवावे लागतील. ओझोनच्या थराला भोक पडलं, त्यातून सूर्याची उष्णता आत आली आणि पृथ्वी तापली, ही एक. झाडं तोडली की हवेतला ऑक्सिजन संपेल, ही दुसरी. आणि चित्रांतला माणूस! तो सगळीकडे एकच आहे, राक्षसासारखा, हातात कुऱ्हाड घेतलेला. त्याला ना काम, ना गरज, ना नाव. दोष कोणाचा हे मुलांनी आधीच ठरवून टाकलं आहे, त्यामुळे पुढे शोधायला काही उरत नाही.

या प्रकल्पात मला तो मधला बाण भरून घ्यायचा आहे.

५ सप्टेंबर

गट पाडले. प्रत्येक गटाच्या वहीत पहिल्या पानावर चार प्रश्न लिहून घेतले: काय बदललं? कशाच्या तुलनेत? कोणत्या मार्गाने? आणि ती कृती कोणाच्या कुठल्या गरजेपोटी झाली? पुढच्या प्रत्येक विषयाला हेच चार प्रश्न लावायचे आहेत. दुसरा प्रश्न मुलांना आज किरकोळ वाटला. तोच सगळ्यात अवघड आहे, पण ते आत्ताच सांगितलं नाही. त्यांना तो भेटेलच.

मातीची धूप बघण्यासाठीचे ट्रे आजच लावून टाकले, कारण गवत उगवायला वेळ लागतो. तीन ट्रे, तिन्हींत एकाच ढिगाऱ्यातली माती, सारखीच दाबलेली. एक उघडा, एकावर वाळक्या पाल्याचा थर, एकात लवकर उगवणारं गवताचं बी. एका बाजूला पाणी बाहेर पडायला खाच आणि खाली पारदर्शक भांडं. तिन्ही ट्रेंना एकाच मापाचा उतार हवा म्हणून मुलांनी कोनमापक आणून ठोकळे लावले. हे त्यांचं त्यांनी केलं.

९ सप्टेंबर

ऑक्सिजनचा तास. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे. हा साठा करोडो वर्षांत जमला आहे आणि तो इतका प्रचंड आहे की उद्या सगळी जंगलं जळाली तरी आपला श्वास कोंडणार नाही. झाड प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन सोडतं, पण श्वसनासाठी त्यातला बराचसा स्वतःच वापरतं. उरलेला, गळलेली पानं आणि पडलेले ओंडके कुजवणारे जीवाणू आणि बुरशी वापरतात. म्हणून पूर्ण वाढलेल्या जुन्या जंगलाचा जमाखर्च जवळजवळ शून्यावर येतो. ॲमेझॉनला जगाचं फुप्फुस म्हणतात, ते या हिशेबात बसत नाही.

वर्गात एकदम शांतता. मग एक मुलगा जवळजवळ रागावूनच म्हणाला, "बाई, म्हणजे झाडं तोडली तरी चालतील?"

हा प्रश्न यावा अशी माझी इच्छाच होती. चुकीच्या कारणावर उभं असलेलं खरं मत पहिल्याच वादात कोसळतं. मग फळ्यावर जंगलाची खरी कामं लिहायला घेतली. खोडात, मुळांत आणि मातीत साठवलेला कार्बन. मुळांनी धरून ठेवलेली माती. पानांमधून हवेत जाणारी वाफ, जिच्यामुळे ॲमेझॉनमध्ये पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग जंगलानेच परत हवेत सोडलेल्या पाण्यातून तयार होतो. दुसरीकडे कुठेही न सापडणारे कीटक, पक्षी, वनस्पती. यादी लांबत गेली तसा त्या मुलाचा चेहरा निवळला. शेवटी तोच म्हणाला, "ऑक्सिजनपेक्षा हे जास्त भारी आहे."

१३ सप्टेंबर

तापमानाचं काम. एकाच वेळी डांबर, उघडी माती, हिरवळ आणि झाडाची दाट सावली अशा जागांवर जमिनीलगत थर्मामीटर ठेवले. फुग्यावर थेट ऊन पडलं तर काच तापते आणि आकडा फसवा येतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी पुठ्ठ्याचा छोटासा तुकडा आडवा धरायचा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मगच लिहायचं. मुलांना थांबणं जड जातं, पण आज थांबली.

डांबर आणि दाट सावली यांत दहा अंशांहून जास्त फरक आला. हे अपेक्षितच होतं. मजा हिरवळीच्या आकड्यात आहे. हिरवळ डांबराइतक्याच उन्हात, तरी कितीतरी थंड. का? पानं पाणी बाहेर टाकतात, ते पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. भौतिकशास्त्रात आम्ही मागच्याच महिन्यात अप्रकट उष्मा शिकलो होतो. एका मुलीने तो धडा उघडून शेजारणीला दाखवला. शिक्षकाला आणखी काय हवं!

घरचं काम दिलं आहे: सूर्य मावळल्यानंतर दोन तासांनी सिमेंटच्या भिंतीला आणि मातीला हात लावून बघा. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनबाहेरच्या खेड्यांत वर्षानुवर्षं तापमान नोंदवलं, ते लंडन शहरातल्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि शहर आसपासच्या भागापेक्षा गरम असतं, विशेषतः रात्री, हे दाखवलं. तेव्हा मोटारी नव्हत्या, एअर कंडिशनर नव्हते. दगड-विटांनी दिवसभर उष्णता साठवायची, रात्री सोडायची, आणि त्यात घरोघरचा कोळसा. दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने साध्या थर्मामीटरने हे पकडलं, ही गोष्ट मुलांना फार आवडली. आपल्याकडेही तेच साधन आहे, याचा त्यांना अभिमान वाटला.

१६ सप्टेंबर

आज जागतिक ओझोन संरक्षण दिन. १९८७ मध्ये याच तारखेला, ओझोन मोडणाऱ्या वायूंना आळा घालणाऱ्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या. त्यामुळे ती गोंधळाची समजूत आजच घेतली.

आधी दोन चित्रं शेजारी शेजारी काढली. एक ओझोनचं: वीस-तीस किलोमीटर उंचीवरचा थर अतिनील किरण शोषतो. दुसरं हरितगृह वायूंचं: पृष्ठभाग तापून जी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर जाते, तिला कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ अडवतात. एका चित्रात येणारे किरण, दुसऱ्यात जाणारे. वायू वेगळे, उंची वेगळी, परिणाम वेगळे. आता मुलांनाच विचारलं, भोकातून उष्णता आत येते हे कोणत्या चित्रात बसतं? कुठल्याच नाही, हे त्यांचं त्यांनाच दिसलं. दोन्हींना जोडणारा एक धागा मात्र आहे: ओझोन मोडणारे क्लोरोफ्लुरोकार्बन हे स्वतः तीव्र हरितगृह वायूही आहेत. हे शेवटी सांगितलं, आधी सांगितलं असतं तर पुन्हा सगळं एकत्र कालवलं गेलं असतं.

मग चौथा प्रश्न: ही कृती कोणाच्या गरजेपोटी? सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. गळती झाली की माणसं दगावत. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न पेटणारा, विषारी नसलेला पर्याय शोधला, तोच क्लोरोफ्लुरोकार्बन. त्या काळी तो जीव वाचवणारा शोध होता. हा वायू कशाशीच अभिक्रिया करत नाही, हाच त्याचा गुण. आणि त्याच गुणामुळे तो न विरघळता, न मोडता वर वर जात राहिला. तिथे अतिनील किरणांनी त्याचा रेणू फुटतो, क्लोरीनचा अणू सुटा होतो आणि तो एकटा अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी हे कागदावर मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकातल्या ब्रिटिश संशोधकांच्या जमिनीवरून घेतलेल्या मोजमापांत वसंत ऋतूतला ओझोन भयंकर घटलेला दिसला. दोन वर्षांत करार झाला.

राक्षसाचं चित्र आज पहिल्यांदा डळमळलं. "त्यांना माहीतच नव्हतं, मग दोष कसा देणार?" आणि लगेच दुसरीकडून, "पण १९७४ नंतर माहीत होतं ना!" यावर तासभर बोलता आलं असतं. घंटा झाली.

१९ सप्टेंबर

गवत बोटभर उंच झालं आहे. तिन्ही ट्रेंवर झारीने सारख्याच उंचीवरून सारखंच पाणी सोडलं. उघड्या मातीच्या भांड्यात पाणी लगेच आलं, चहाच्या रंगाचं. पाल्याच्या ट्रेतून सावकाश, जरा गढूळ. गवताच्या ट्रेतून थेंब थेंब, जवळजवळ नितळ. भांडी खिडकीत ओळीने मांडली आणि गाळ बसू दिला.

उघड्या ट्रेच्या पृष्ठभागावर एक गोष्ट होती, ती दाखवायला मी मुलांना ट्रेवर वाकायला लावलं. पाण्याचा थेंब जिथे आपटला तिथे बारीक खड्डा पडला होता, आणि उडालेले मातीचे कण भोवतालच्या ढेकळांच्या फटींत बसून वरचा थर लिंपल्यासारखा झाला होता. म्हणून पाणी आत मुरलंच नाही. धूप वाहत्या पाण्याने होते असं मुलांना वाटत होतं. पहिला फटका थेंबाचा असतो, हे आज त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग हबर्ड ब्रूकची गोष्ट. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये एका डोंगराळ जंगलात एकमेकांशेजारी छोटे छोटे ओढे आहेत. प्रत्येकाचं पाणलोट क्षेत्र वेगळं, खालचा खडक पाणी झिरपू न देणारा. त्यामुळे आत पाऊस किती आला आणि ओढ्यातून बाहेर काय गेलं, याचा हिशेब ठेवता येतो. १९६५-६६ च्या हिवाळ्यात जीन लाइकेन्स, हर्बर्ट बोर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पाणलोटातली सगळी झाडं पाडली, तिथेच राहू दिली आणि तणनाशक मारून नवी पालवी येऊ दिली नाही. शेजारचा पाणलोट जसाच्या तसा. पहिल्याच वर्षी तोडलेल्या ओढ्याचं पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं, कारण ते वर ओढून घ्यायला झाडंच नव्हती. आणि त्या पाण्यातून नायट्रेट कित्येक पटींनी वाहून जाऊ लागलं. मातीतलं खत चाललं होतं, आणि पाणी दिसायला स्वच्छ!

इथे दुसरा प्रश्न मुलांना भेटला. शेजारचा ओढा मोजला नसता तर? "त्या वर्षी पाऊसच जास्त झाला असेल, असं कोणीही म्हणालं असतं," असं उत्तर आलं. अगदी बरोबर.

२३ सप्टेंबर

पाणी कशाने हिरवं होतं ते बघायला बाटल्यांचा प्रयोग सुरू केला. साचलेल्या तळ्याचं पाणी, सारख्या पारदर्शक बाटल्या, उन्हाची एकच खिडकी. एका बाटलीत काही नाही. दुसरीत फक्त नत्र. तिसरीत नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं विद्राव्य खत, चिमूटभर.

एका गटाने खताची बाटली खिडकीत आणि साधी बाटली कपाटात ठेवायचा बेत केला होता. दुसऱ्या गटाने लगेच हटकलं: हिरवं झालं तर खतामुळे की उन्हामुळे, कसं कळणार? मला बोलावं लागलं नाही.

२६ सप्टेंबर

अरल समुद्र. यासाठी पत्ते तयार केले होते. प्रत्येक पत्त्यावर एक घटना: 'कापसाखालचं क्षेत्र वाढवायचा निर्णय', 'वाळवंटातून कालवे', 'नदीचं पाणी समुद्रापर्यंत पोचत नाही', 'पाणी खारट', 'मासे संपले', 'बंदर कोरड्यात', 'मिठाची धूळ', 'हिवाळा जास्त कडक, उन्हाळा जास्त तीव्र', 'माणसांचे आजार', 'गाव सोडून जाणं'. मुलांनी पत्ते जमिनीवर मांडायचे आणि दोन पत्त्यांमध्ये दोरी टाकायची. दोरी टाकायची अट एकच: ही गोष्ट त्या गोष्टीला कशी कारण झाली ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर दोरी उचलायची.

पार्श्वभूमी थोडक्यात दिली. १९६० मध्ये अरल हा जगातला चौथ्या क्रमांकाचा मोठा भूवेष्टित जलाशय, म्हणजे खरं तर सरोवर, होता, सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. तो अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांवर जगत होता. सोव्हिएत राजवटीने मध्य आशियाच्या वाळवंटात कापूस पिकवण्यासाठी या नद्या वळवल्या. काराकुम कालव्याचं काम १९५४ मध्ये सुरू झालं. कालव्याला अस्तर नव्हतं, त्यामुळे पाण्याचा मोठा भाग वाळूतच मुरत होता.

पत्ते मांडताना खरी झटापट झाली ती 'हिवाळा जास्त कडक' या पत्त्यावर. तो कुठे जोडायचा कोणालाच कळेना. कोणी धुळीला जोडला, पण वाक्य जमेना, दोरी उचलावी लागली. बराच वेळ तो पत्ता एकटाच पडून होता. मग तापमानाच्या कामातली एक मुलगी म्हणाली, "पाणी हळू तापतं आणि हळू थंड होतं. समुद्र होता तोवर तो हवा सांभाळत होता. समुद्र गेला, आता जमीनच राहिली." आणि तिने दोरी थेट 'नदीचं पाणी पोचत नाही' पर्यंत नेली. जमिनीवर एक सरळ साखळी राहिली नाही, जाळं झालं. एका पत्त्यातून तीन दोऱ्या, एका पत्त्यात चार.

'पाणी खारट' हा पत्ता त्यांना सोपा वाटला होता. अरलला बाहेर जाणारा मार्ग नाही, नद्या मीठ आणतात, पाणी वाफ होतं, मीठ राहतं. पूर्वी दर लिटरमागे सुमारे १० ग्रॅम मीठ होतं, म्हणजे महासागराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि त्यात गोड्या पाण्यातले मासे तग धरून होते. पाणी घटत गेलं तसा खारटपणा वाढला आणि दक्षिण भागात तो महासागरालाही मागे टाकून गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक मासेमारी बंद पडली. उझबेकिस्तानातल्या मुयनाक या जुन्या बंदराजवळ आजही बोटी वाळूत उभ्या आहेत. त्यांचा फोटो दाखवला तेव्हा एकाने विचारलं, "लाट इथपर्यंत येत होती?" हो, इथपर्यंत.

३० सप्टेंबर

अरलचा दुसरा भाग. आज भूमिका वाटून दिल्या: कापूस शेतकरी, कोळी, कालव्याचा अभियंता, मॉस्कोतला नियोजनकर्ता, नदीच्या वरच्या अंगाच्या गावातली बाई. समुद्र आकसणार हे नियोजनकर्त्यांना माहीत होतं. कापसाचं उत्पन्न त्याहून मोलाचं आहे, असा त्यांचा हिशेब होता. हे सांगितल्यावर वर्गाचा नूर बदलला. ओझोनच्या गोष्टीत अज्ञान होतं, इथे हिशेब आहे. आणि ज्यांनी हिशेब केला त्यांनी मुयनाकमध्ये राहायचं नव्हतं. हे वाक्य कोळी झालेल्या मुलाचं आहे, मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मग नकाशावर कोक-अरलचा बांध. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अरलचे दोन तुकडे झाले होते. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने उत्तरेच्या लहान तुकड्याच्या तोंडाशी सुमारे १३ किलोमीटरचा बांध घातला, तो २००५ मध्ये पुरा झाला. सिर दर्याचं पाणी आता उत्तरेतच राहू लागलं. पातळी अपेक्षेपेक्षा लवकर चढली, खारटपणा उतरला, मासे परत आले, मासेमारी पुन्हा सुरू झाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने नकाशावर वाकलेली एक मुलगी म्हणाली, "पण मग दक्षिणेला पाणी कुठून येणार?" दक्षिणेला आता ते पाणी जवळजवळ मिळत नाही. २०१४ मध्ये दक्षिणेकडचं पूर्वेचं खोरं पूर्ण कोरडं पडलं. उरलेलं पाणी दोघांना पुरणार नव्हतं, म्हणून एक तुकडा वाचवला. हा निर्णय बरोबर की चूक, यावर वर्ग दोन भागांत वाटला गेला. मी निकाल दिला नाही. दोन्ही बाजूंकडे आता आकडे आणि कारणं आहेत, आणि एकमेकांचं ऐकून घेऊन भांडणं चालली आहेत. यासाठीच हा विषय शिकवावासा वाटतो.

४ ऑक्टोबर

नत्र-स्फुरदाची बाटली हिरवीगार. फक्त नत्र असलेली किंचित हिरवट. साधी बाटली होती तशीच.

या निकालाला जोडूनच सरोवर क्रमांक २२६ दाखवलं. कॅनडात ओंटारियोच्या वायव्य भागात प्रयोगासाठी राखून ठेवलेली सरोवरं आहेत. त्या काळी मोठा वाद होता: सरोवरं शेवाळाने भरतात ती नेमकी कशामुळे, कार्बन, नत्र की डिटर्जंटमधून येणारं फॉस्फेट, म्हणजे स्फुरद? डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने १९७३ मध्ये डमरूच्या आकाराचं एक सरोवर मधल्या चिंचोळ्या जागी पडदा लावून दुभागलं. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि स्फुरद. विमानातून घेतलेल्या फोटोत स्फुरदाची बाजू हिरवी आणि दुसरी गर्द निळी. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर निर्बंध आणण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

पहिल्या दिवशीच्या त्या चित्राकडे परत गेलो, कारखाना आणि मेलेले मासे. आता बाणावर काय लिहायचं? मुलांनी सांगितलं आणि मी फळ्यावर लिहीत गेले: स्फुरद आलं, शेवाळ माजलं, शेवाळ मेलं, जीवाणूंनी ते कुजवताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरला, मासे गुदमरले. विष कुठेच नाही. खत आहे, म्हणजे जीव वाढवणारी वस्तू. हे पचायला वेळ लागला.

९ ऑक्टोबर

कीलिंग वक्र. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली. तेव्हा दहा लाख भागांमागे सुमारे ३१५ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. औद्योगिक क्रांतीआधी हा आकडा २८० च्या आसपास होता, हे बर्फाच्या गाभ्यांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं.

आलेखकागदावर दर महिन्याचे बिंदू मांडायला लावले. वर जाणाऱ्या रेषेला करवतीचे दात दिसू लागले तेव्हा मुलं चक्रावली. दर वर्षी मे महिन्यात शिखर, मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतार. जगातली बहुतेक जमीन आणि जंगलं उत्तर गोलार्धात आहेत. तिथे पालवी फुटते तेव्हा कार्बन हवेतून पानांत जातो, पानं गळून कुजली की परत येतो. निसर्गाचा चढउतार आणि त्यावर बसलेली माणसाची चढण, दोन्ही एकाच रेषेत आहेत. वेगळं काढायला शिकण्यासाठी याहून चांगला आलेख मला माहीत नाही.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मौना लोआ तर ज्वालामुखी आहे. मग तो गॅस ज्वालामुखीचाच कशावरून नाही?" उत्तम शंका. ज्वालामुखीच्या तोंडाकडून वारा येतो तेव्हाची मापं ओळखून वगळली जातात. दक्षिण ध्रुवावरही मोजणी चालते, तिथेही तीच चढण आहे. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या इंधनातून येणाऱ्याच्या साधारण शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी आहे. आणि सगळ्यात पक्का पुरावा कार्बनच्या अणूंतच आहे. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पती आणि सूक्ष्म जीवांपासून बनलं आहे, त्यामुळे त्यात कार्बन-१३ हा जड प्रकार ज्वालामुखीच्या वायूपेक्षा कमी असतो. हवेतल्या कार्बनमध्ये अशा जुन्या कार्बनची भेसळ वाढताना मोजता येते. म्हणजे हवेत जमा होणाऱ्या कार्बनवर तो कुठून आला याचा शिक्काच आहे.

प्रश्न विचारणारा मुलगा एरवी तोंड उघडत नाही. त्याच्या वहीत आज चार पानं भरली आहेत.

१४ ऑक्टोबर

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. म्हणाली, "बाई, आपण माणसं नसतोच तर बरं झालं असतं ना?" ती हे बोलण्यापुरतं बोलत नव्हती.

तिला धीर देणारी वाक्यं मला सुचली, पण ती मी बोलले नाही. तिला गिधाडांची गोष्ट सांगितली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण कोणालाच कळत नव्हतं. रोग असेल, उपासमार असेल, कीटकनाशक असेल. संशोधकांनी मेलेल्या पक्ष्यांची एक एक कारणं तपासून बाद केली आणि २००४ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. ते औषध घेतलेलं जनावर मेलं की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जातं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय तपासून आधीच तयार होता. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळे संख्या भरून यायला फार काळ लागेल. पण मरण्याचा वेग थोपवता आला, कारण कोणीतरी तो बाण शोधून काढला.

तिने विचारलं, "आजारी जनावराला औषध देणारा वाईट नव्हता ना?" नव्हता. तो त्याच्या जनावराची काळजी घेत होता. ही गोष्ट उद्या वर्गाला तीच सांगणार आहे.

१८ ऑक्टोबर

मूल्यमापन. पाठ्यपुस्तकातले प्रश्न टाळून एक न पाहिलेला प्रसंग दिला: एका नदीकाठची पाणथळ जागा भरून तिथे वस्ती उभी राहिली, काही वर्षांनी खालच्या गावात पूर वाढले. गावकरी म्हणतात भरावामुळे, बांधकाम करणारे म्हणतात पाऊस वाढल्यामुळे. तुम्ही काय तपासाल?

बहुतेक उत्तरांत आधीच्या आणि नंतरच्या पावसाच्या नोंदी मागितल्या आहेत. बऱ्याच जणांनी शेजारच्या, भराव न घातलेल्या नदीशी तुलना करायची म्हटलं आहे. काहींनी दोन्ही कारणं एकत्र काम करत असतील, मग प्रत्येकाचा वाटा किती हे कसं काढायचं, इथपर्यंत मजल मारली. वस्तीत कोण राहायला आलं आणि त्यांना दुसरीकडे जागा होती का, हा प्रश्न एका गटाने स्वतःहून जोडला. काही कागदांवर अजूनही नुसता बाण आहे. त्या मुलांबरोबर पुढच्या आठवड्यात ट्रे पुन्हा लावणार आहे. वाचून कळलं नाही ते पाणी ओतून कळेल.

हिरव्या बाटलीचं काय करायचं असं विचारलं, तर फेकू द्यायला कोणी तयार नाही. खत थांबवलं तर पाणी पुन्हा नितळ होईल का, हे त्यांना बघायचं आहे. त्यांना अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या लेक वॉशिंग्टन या सरोवराची माहिती दिली. १९६३ ते १९६८ या काळात तिथलं सांडपाणी सरोवरात येणं बंद केलं आणि खोल सरोवर असल्यामुळे ते काही वर्षांतच निवळलं. उथळ तळ्यांत मात्र तळाच्या गाळात साठलेलं स्फुरद वर्षानुवर्षं परत पाण्यात येत राहतं. आपली बाटली कोणासारखी वागेल? प्रत्येकाने अंदाज आणि त्याचं कारण लिहून दिलं आहे. दोन बाटल्या भरल्या आहेत, एकीत तळाचा गाळ ठेवला आहे, दुसरीतला काढला आहे. दर सोमवारी दोन्हींतलं निम्मं पाणी बदलायचं. पहिली पाळी मागच्या बाकाची.